आर्किटेक्टच्या ऑफिसात थ्रीडीची नोकरी: नव्याने येणाऱ्यांसाठी

गेली १२ वर्षं मी पुण्यात, आर्किटेक्टच्या ऑफिसात थ्रीडी व्हिज्युअलायझर म्हणून काम करते आहे, म्हणजे अजून न बांधलेल्या इमारतीची खरी वाटणारी चित्रं संगणकावर काढते. सध्या आमची चार जणांची टीम आहे आणि नव्या मुलांच्या मुलाखती मी घेते. पोर्टफोलिओ बघून झाला की त्यातलं जिन्याचं एखादं चित्र पुढे करते आणि विचारते, “या जिन्याला चढ किती? मजल्याची उंची किती धरलीस?” चित्र सुरेख असतं. लाकडाचा पोत, खिडकीतून आलेलं ऊन, सगळं जमलेलं असतं. उत्तर मात्र क्वचित येतं. मजला ३ मीटरचा आणि एका पायरीची उंची १५० मिमी धरली तर २० चढ हवेत. चित्रात १३ दिसतात आणि तरीही जिना वरच्या मजल्याला पोचलेला असतो.

फक्त चित्र विकायचं असेल तर हे एखाद वेळी खपून जातं. ऑफिसात खपत नाही, कारण शेजारच्या टेबलावरचा आर्किटेक्ट तेच चित्र बघून उद्या वर्किंग ड्रॉइंग, म्हणजे बांधकामासाठीचे नकाशे, काढायला घेणार असतो. इन-हाउस, म्हणजे ऑफिसातच नोकरीला असलेल्या, व्हिज्युअलायझरला पगार मिळतो तो इमारत कळते म्हणून. या क्षेत्रात पुढे कोण जातं आणि कोण पाच वर्षांत अडकतं, याचं उत्तर मला तरी तिथेच सापडलं आहे. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

आधी ठरवा: स्टुडिओ की ऑफिस?

रेंडरिंग स्टुडिओत, म्हणजे मॉडेलवरून फक्त अशी चित्रं (रेंडर) काढून देणाऱ्या ठिकाणी, फाइल येते, सूचना येतात, चित्र जातं, पुढची फाइल येते. वर्षभरात शंभर वेगवेगळ्या इमारती हाताखालून जातात आणि हात फार लवकर साफ होतो. पुण्या-मुंबईतले कित्येक स्टुडिओ आखात, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेची कामं करतात, त्यामुळे कामाच्या वेळाही तिकडच्या घड्याळावर चालतात.

ऑफिसात उलट असतं. एकच गृहप्रकल्प तीन-तीन वर्षं तुमच्यासमोर राहतो. पहिल्या स्केचच्या दिवशी तुम्ही साधं पांढरं मॉडेल करता, मंजुरीच्या वेळी उंची बदलते, मग बाल्कन्या बदलतात, मग क्लायंटच्या घरचे रंग सुचवतात, आणि शेवटी तुम्ही साइटवर उभं राहून खरी इमारत आणि आपलं चित्र शेजारी शेजारी धरू शकता. ज्याला ताबडतोब नवं काहीतरी हवं असतं त्याला हे कंटाळवाणं वाटेल. ज्याला एक गोष्ट मुळापासून समजून घ्यायला आवडते त्याच्यासाठी याहून चांगली शाळा नाही.

‘इन-हाउस’ हा शब्दही एकाच प्रकारच्या नोकरीला लागत नाही. आर्किटेक्टच्या ऑफिसात तुम्ही डिझाइनच्या जवळ असता. बिल्डरच्या ऑफिसात मार्केटिंगच्या जवळ, म्हणजे ब्रोशर, होर्डिंग, सॅम्पल फ्लॅट, वॉकथ्रू (इमारतीतून फिरवून आणणारी फिल्म). तिथे पगार बहुधा बरा, मुदती कडक. इंटिरियरच्या आणि मॉड्युलर किचनच्या कंपन्यांत कामाचा वेग प्रचंड. ग्राहक समोर बसलेला असताना शटरचा रंग बदलून दाखवायचा असतो. चौथा प्रकार म्हणजे परदेशी डिझाइन आणि इंजिनिअरिंग कंपन्यांची भारतातली ऑफिसं. तिथे शिस्त, फाइलींची व्यवस्था आणि रेव्हिट हे मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर यांना कलेइतकंच महत्त्व. नवख्या माणसाला मी पहिली दोन वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात काढायला सांगते, जरी पगार थोडा कमी असला तरी. ड्रॉइंग वाचायला तिथेच शिकता येतं.

पहिली पायरी: ड्रॉइंग वाचायला शिका

आर्किटेक्चरची पदवी असेल तर उत्तम, पण तीच हवी असं नाही. आयटीआयचा ड्राफ्ट्समन, इंटिरियरचा डिप्लोमा केलेली मुलगी, कला महाविद्यालयातून आलेला चित्रकार, सगळे या टेबलावर भेटतात. एक मात्र लक्षात ठेवा. आर्किटेक्ट्स ॲक्ट १९७२ प्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही. व्हिजिटिंग कार्डावर किंवा प्रोफाइलवर हौसेनं ‘थ्रीडी आर्किटेक्ट’ लिहू नका.

ड्रॉइंग वाचणं म्हणजे काय? प्लॅनवरची खिडकी बघून तिची सिल (खालची कड) ९०० मिमीवर आहे की ६०० वर, लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई) २१०० वर आहे की स्लॅबच्या बीमलाच टेकवला आहे, हे सेक्शनमधून, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणाऱ्या ड्रॉइंगमधून, शोधता येणं. टॉयलेटचा स्लॅब खाली का घेतला आहे आणि त्यामुळे खालच्या मजल्यावर काय दिसेल, हे कळणं. एलिव्हेशनवर, म्हणजे बाहेरच्या दर्शनी बाजूच्या ड्रॉइंगवर, कोरी भिंत दिसते तिथे मागे डक्ट (पाइपांची उभी पोकळी) आहे का, ते तपासणं. या गोष्टी कुठल्याही सॉफ्टवेअरच्या क्लासमध्ये शिकवत नाहीत.

घरबसल्या करण्यासारखा एक सराव सांगते. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी तो देते. तुमचंच घर मोजा. टेप घ्या, दोन दिवस घाला. भिंतींची जाडी, दारांची रुंदी, खिडकीची सिल, बीम किती खाली येतो, सगळं. त्याचा प्लॅन आणि दोन सेक्शन काढा. त्यावरून मॉडेल करा. मग घरात एका जागी उभं राहून मोबाइलवर फोटो काढा, वेळ लिहून ठेवा, कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची मोजा. आता मॉडेलमध्ये तोच कॅमेरा, तीच वेळ, तोच सूर्य लावून रेंडर काढा आणि दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवा. पहिल्यांदा काहीच जुळत नाही. बीम चुकलेला असतो, दाराची चौकट फार बारीक झालेली असते, भिंतीचा पांढरा रंग खऱ्या पांढऱ्याहून कितीतरी जास्त पांढरा धरलेला असतो. जुळेपर्यंत दुरुस्त करत राहा. या एका सरावातून तुम्ही जेवढं शिकाल तेवढं पन्नास व्हिडिओ बघून शिकणार नाही, आणि पोर्टफोलिओचं पहिलं पान आपोआप तयार होईल.

दुसरी पायरी: सॉफ्टवेअर, मोजकंच

यावर वाद घालण्यात मुलं फार वेळ घालवतात. मॉडेलिंगचं एक, सावकाश पण नेमकं रेंडर देणारं एक, आणि तिथल्या तिथे फिरवून दाखवणारं एक, अशी तीन अवजारं पुरतात.

भारतातल्या ऑफिसांत मॉडेलिंगसाठी स्केचअप आणि थ्रीडीएस मॅक्स सर्रास दिसतात, मोठ्या कामांत रेव्हिट. नेमक्या रेंडरसाठी व्ही-रे आणि कोरोना. कोरोनाची सुरुवात २००९ साली प्रागमध्ये एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पातून झाली. २०१७ मध्ये व्ही-रेवाल्या केऑस कंपनीनं ते घेतलं. तिथल्या तिथे फिरवून दाखवणाऱ्यांपैकी एनस्केपसुद्धा २०२२ पासून केऑसच्याच छत्राखाली आहे. तसंच ट्विनमोशन २०१९ मध्ये एपिक गेम्सकडे गेलं, आणि वार्षिक उलाढाल १० लाख डॉलरच्या आत असलेल्यांना ते फुकट वापरता येतं. ल्युमिऑन आणि डी५ ही त्याच जातीची. हा इतिहास पाठ करायचा नाही. पण कंपन्या एकमेकींना गिळत असतात, परवान्यांचे नियम बदलत असतात, म्हणून एका बटणाच्या नावावर करिअर उभं करू नये एवढं त्यातून घ्यावं.

पैसे नसतील तर ब्लेंडर शिका. ते पूर्ण मोफत आहे, आणि प्रकाश, कॅमेरा, मटेरियल यांची समज एका ठिकाणी आली की दुसरीकडे नेता येते. शिकत असाल तर ऑटोडेस्कचे शैक्षणिक परवाने मिळतात, पण ते शिकण्यासाठी; त्यावर क्लायंटचं काम करायचं नाही. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर ऑफिसच्या मशीनवर कधीच टाकू नका. नोटीस येते ती कंपनीच्या नावावर, आणि विश्वास जातो तो तुमच्यावरचा.

मशीनबद्दल एक तांत्रिक गोष्ट, कारण मुलाखतीत ती उपयोगी पडते. कोरोना सीपीयूवर चालतं, त्यामुळे तिथे जास्त कोअर आणि भरपूर रॅम लागते. एनस्केप, ट्विनमोशन, डी५, ल्युमिऑन यांना ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि कार्डावरची मेमरी संपली की मोठा सीन उघडतच नाही. “तुमच्याकडे रेंडरर कोणता आणि मशीन कोणतं?” हा प्रश्न उमेदवारानं विचारला की मला बरं वाटतं.

तिसरी पायरी: ऊन

इथे मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण आपल्याकडची निम्मी चित्रं इथेच खोटी पडतात.

पुणे साधारण १८.५ उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. २१ जूनच्या दुपारी पुण्यातल्या उत्तरेकडच्या भिंतीवर तिरपं ऊन घासून जातं आणि दक्षिणेची भिंत सावलीत असते. डिसेंबरात हाच सूर्य दुपारी दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या बाल्कनीतून खोलीत आत शिरतो.

आता ट्यूटोरियल बघून शिकलेली मुलं काय करतात? युरोपातला लांब सावल्यांचा, मध्यम उंचीचा सूर्य लावतात, त्याला ‘मूड’ म्हणतात, आणि उत्तरेच्या दर्शनी भिंतीवर डिसेंबरात सोनेरी ऊन पाडतात. पुण्यात त्या भिंतीवर त्या दिवसांत ऊन येतच नाही. आर्किटेक्टनं त्या भिंतीवर खोल छज्जा द्यायचा की नाही हे जर तुमचं चित्र बघून ठरवलं, तर तुम्ही त्याला चुकीचं उत्तर दिलेलं असतं.

हेच दुसऱ्या देशाच्या कामाला लागू. दुबई कर्कवृत्ताच्या वर, २५ अंशांच्या आसपास. तिथे भर दुपारी सूर्य कधीच उत्तरेला जात नाही. मेलबर्नचं काम आलं तर सगळंच उलटं, दुपारचा सूर्य उत्तरेला. सीन उघडला की पहिल्या पाच मिनिटांत शहर, उत्तर दिशा, तारीख आणि वेळ भरून टाका. साइटच्या ड्रॉइंगवर उत्तरेचा बाण नसेल तर तो मागून घ्या, अंदाजानं ठेवू नका.

झाडांचंही तेच. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत तयार मिळणारी झाडं बहुतेक युरोपातली असतात. आपल्या रस्त्यावर ताम्हण, बहावा, कडुनिंब, सोनमोहर असतात. कोकणातल्या घराला जांभा हवा, पुण्याच्या जुन्या वाड्याशेजारी काळा बेसाल्ट. बाल्कनीत ग्रिल बसणार, एसीची बाहेरची युनिटं लागणार, कपडे वाळत पडणार. त्यांची जागा डिझाइनमध्येच आहे का, हा प्रश्न व्हिज्युअलायझरनं विचारला तर आर्किटेक्ट त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतो. माझ्या बाबतीत तसंच झालं. चौथ्या वर्षी एका एलिव्हेशनवर मी एसीची युनिटं काढून दाखवली आणि त्यानंतर मला डिझाइनच्या बैठकीला बोलावू लागले.

चौथी पायरी: पोर्टफोलिओ

सहा ते आठ चित्रं. जास्त नकोत. त्यातल्या निदान दोन चित्रांशेजारी प्लॅन किंवा सेक्शन असू द्या, कॅमेरा कुठे ठेवला ते त्यावर दाखवा. एक चित्र पावसाळी, ढगाळ उजेडातलं हवंच. सपाट उजेडात इमारत उभी करता येणं ही खरी परीक्षा आहे, आणि आपल्याकडे वर्षाचे चार महिने तसाच उजेड असतो. एक चित्र साध्या, स्वस्त इमारतीचं ठेवा. सगळ्यांच्याच पोर्टफोलिओत डोंगरावरचा काचेचा बंगला असतो. शाळा, दवाखाना, चाळीचा पुनर्विकास फार कमी दिसतो, आणि ऑफिसात रोजचं काम तेच असतं.

ट्यूटोरियलमधला सीन स्वतःचा म्हणून दाखवू नका. ते सीन मुलाखत घेणाऱ्यांनीही पाहिलेले असतात. एआयची मदत घेतली असेल तर कुठे घेतली ते स्पष्ट सांगा. त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त विचारल्यावर अडखळू नये.

पाचवी पायरी: मुलाखतीत तुम्हीही विचारा

चित्रावर शेवटचा शब्द कुणाचा? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. तीन भागीदार तीन वेगळ्या सूचना देत असतील तर तुमच्या रात्री त्यात जाणार. एकच माणूस सूचना गोळा करून देतो असं उत्तर आलं तर ते ऑफिस चांगलं समजा.

नोकरी आहे की ठेका, हेही नीट विचारून घ्या. अनेक छोट्या ऑफिसांत ‘पगार’ म्हणतात, पण पैसे प्रोफेशनल फी म्हणून देतात आणि १० टक्के टीडीएस कापतात. म्हणजे कागदावर तुम्ही कर्मचारी नाही. पीएफ नाही, भरपगारी रजेचा हक्क नाही. माझ्या पहिल्या नोकरीत दोन वर्षं हेच चाललं आणि मला ते गृहकर्जाचा अर्ज करताना कळलं. बँकेनं सॅलरी स्लिप मागितली आणि माझ्याकडे ती नव्हती. अशी व्यवस्था बेकायदा असतेच असं नाही, कधी कधी ती सोयीचीही असते, पण मग आकडा त्या हिशेबानं जास्त मागावा. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पीएफचा कायदा लागू होतो, तेव्हा ऑफिसात माणसं किती तेही बघा.

तिसरा प्रश्न चित्रांच्या मालकीचा. कॉपीराइट ॲक्ट १९५७ प्रमाणे नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक कंपनीच असते. तुम्ही केलेलं चित्र तुमच्या पोर्टफोलिओत लावायला त्यांची परवानगी लागणार. नेमणूकपत्रात एक ओळ घालून घ्या: प्रकल्प जाहीर झाल्यावर चित्रं वैयक्तिक पोर्टफोलिओत वापरता येतील. रुजू होताना ही ओळ सहज मिळते, सोडताना मिळत नाही.

सहावी पायरी: पहिले तीन महिने

नवीन माणूस आला की त्याला एखादं भारी चित्र काढून सगळ्यांना थक्क करायचं असतं. त्याऐवजी व्यवस्था लावा. प्रकल्पाचं नाव, व्ह्यूचा क्रमांक, तारीख आणि आवृत्ती या क्रमानं फाइलींना नावं द्या. कोणत्या तारखेच्या ड्रॉइंगवरून मॉडेल केलं ते एका वहीत किंवा शीटमध्ये लिहा. तोंडी आलेली सूचना संध्याकाळी दोन ओळींच्या मेलनं पक्की करा: “आज ठरल्याप्रमाणे पाचव्या मजल्याची रेलिंग काचेची केली आहे.” सहा महिन्यांनी “हे कुणी सांगितलं होतं?” असा प्रश्न येतोच, आणि तेव्हा ती ओळ तुम्हाला वाचवते.

दुसरी गोष्ट, वेळ सांगायला शिका. “संध्याकाळपर्यंत होईल ना?” याला नवखा माणूस भिडेखातर हो म्हणतो. हिशेब मांडून दाखवला तर कुणी रागावत नाही. एक मिनिटाचा वॉकथ्रू, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे १५०० फ्रेम. एका फ्रेमला ४ मिनिटं लागली तर ६००० मिनिटं, म्हणजे १०० तास. एका मशीनवर चार दिवस आणि वर चार तास, तेही काही बिघडलं नाही तर. हा हिशेब कागदावर ठेवला की समोरचा स्वतःच म्हणतो, मग ३० सेकंदांचा करू, किंवा एनस्केपमध्ये भागवू, किंवा काही भाग बाहेर देऊ. छपाईचंही आधी विचारा. ए३ आकार ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल. हे शेवटच्या दिवशी कळलं तर रात्र गेली. होर्डिंग लांबून बघायचं असतं, त्याला इतकी घनता लागत नाही. छापणाऱ्याशी एकदा बोलून घ्या.

आठवड्यातून एकदा साइटवर जायची परवानगी मागा. सुरुवातीला कुणाला त्यात अर्थ वाटणार नाही. पण ओल्या प्लास्टरचा रंग, टाइलचे सांधे, दगडाच्या कडा जवळून बघितल्याशिवाय मटेरियल खरं होत नाही.

सातवी पायरी: चित्र म्हणजे वचन

घरांच्या प्रकल्पाचं काम करणाऱ्या प्रत्येक व्हिज्युअलायझरला रेरा माहीत हवा, आणि हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. रेरा म्हणजे रिअल इस्टेट कायदा, २०१६ चा. महाराष्ट्रात त्यासाठीच्या प्राधिकरणाचं, म्हणजे महारेराचं, काम १ मे २०१७ पासून सुरू झालं. या कायद्याचं कलम १२ सांगतं की जाहिरातीतल्या, माहितीपत्रकातल्या किंवा नमुना सदनिकेतल्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि ती माहिती खोटी निघाल्यानं त्याचं नुकसान झालं, तर प्रवर्तकानं, म्हणजे बिल्डरनं, भरपाई द्यायची. ग्राहकाला प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर त्याची पूर्ण रक्कम व्याजासह परत करायची. तुमचं रेंडर ब्रोशरवर गेलं की ते जाहिरातीचा भाग झालं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘कल्पनाचित्र’ लिहिलं म्हणून सगळं माफ होतं असं समजून चालू नका.

माझ्या हातून झालेली चूक सांगते. एका गृहप्रकल्पात पार्किंगच्या वर पोडियम, म्हणजे मोठा सपाट स्लॅब, होता, त्यावर बाग. मी तिथे भरगच्च, फुललेले बहावे लावले, सावलीत बाकं, खाली खेळणारी मुलं. चित्र सगळ्यांना आवडलं. ब्रोशर छपाईला जायच्या आधी स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या हाती पडलं आणि त्यांनी एकच प्रश्न केला, “माती किती धरली आहे?” स्लॅबवर ४५० मिमी मातीचा भार धरलेला होता. तेवढ्या मातीत झुडपं येतात, तो बहावा येत नाही. छपाई थांबवली, चित्र बदललं. कुणी माझ्यावर ओरडलं नाही, पण ते ब्रोशर तसंच गेलं असतं आणि कुणी आजी-आजोबांनी त्या सावलीसाठी घर घेतलं असतं, हा विचार मला आजही सोडत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे चित्र ऑफिसबाहेर जाण्याआधी एक यादी तपासली जाते. मजल्यांची संख्या मंजूर नकाशाप्रमाणे आहे का. शेजारची इमारत, विजेची लाइन, नाला चित्रातून गायब तर केलेला नाही ना. बागेतली झाडं मातीच्या खोलीला झेपतील का. खोलीतलं फर्निचर खऱ्या मापाचं आहे का. छोटा बेड ठेवून खोली मोठी दाखवणं फार सोपं असतं आणि अजिबात योग्य नसतं. कॅमेऱ्याची लेन्स इतकी रुंद तर नाही ना की १० फुटांची खोली १६ फुटांची वाटावी. आणि जाहिरात असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक, संकेतस्थळ आणि १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक झालेला क्यूआर कोड, यांना जागा ठेवली आहे का. शेवटचं काम मार्केटिंगचं, पण चित्रात मोकळी जागा तुम्हीच सोडायची असते.

हे सगळं करणारा माणूस ऑफिसाला सहज सोडवत नाही. बाहेरच्या स्टुडिओला मंजूर नकाशा कधी बदलला हे माहीत नसतं, तुम्हाला माहीत असतं.

पुढे काय? खरं खरं

आता ज्या प्रश्नासाठी तुम्ही इथवर वाचलंत तो. या नोकरीत वाढ आहे का?

छोट्या ऑफिसात, एकटा व्हिज्युअलायझर म्हणून, फक्त चित्रं काढत राहिलात तर पाच-सहा वर्षांनी छत लागतं. आर्किटेक्ट असोसिएट होतो, भागीदार होतो. थ्रीडीवाल्याच्या डोक्यावर तशी शिडी नसते. शिवाय एनस्केप किंवा डी५ उघडून ज्युनिअर आर्किटेक्ट स्वतःच बऱ्यापैकी व्ह्यू काढतो, आणि २०२२ पासून एआयची चित्रं आल्यावर सुरुवातीच्या संकल्पनेची चित्रं तर ऑफिसात कुणीही काढतं. यामुळे पहिल्या पायरीवरची साधी कामं कमी होतील असं मला वाटतं, आणि ते मी नव्या मुलांपासून लपवत नाही. पण हीच चित्रं पुढच्या बैठकीत अडकतात. “हाच व्ह्यू, फक्त चौथ्या मजल्याची बाल्कनी ३०० नं आत घ्या, बाकी काही हलवू नका” असं म्हटलं की एआय खिडक्याच बदलून टाकतं. नेमकेपणा, सातत्य आणि जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याचं काम राहतं.

मला पुढे जाताना दिसलेली माणसं साधारण तीन वाटांनी गेली. काही जण रेव्हिट शिकून बिमकडे (BIM, म्हणजे इमारतीची सगळी माहिती एकाच मॉडेलमध्ये ठेवण्याची पद्धत) वळले. मॉडेल नीट ठेवायची सवय आधीच असल्यामुळे त्यांना ते जड गेलं नाही, आणि परदेशी कंपन्यांच्या ऑफिसांत या दोन्ही गोष्टी येणाऱ्याला मागणी आहे. काही जण टीम सांभाळू लागले: कुठलं चित्र घरात करायचं, कुठलं बाहेर द्यायचं, बाहेरच्या स्टुडिओकडून काम कसं करून घ्यायचं, हे ठरवणारे. मोठ्या बिल्डरांकडे ही जागा खरंच असते. तिसरी वाट डिझाइनचीच, मटेरियल, दर्शनी भाग, इंटिरियर. पदवी नसलेल्यांनाही इंटिरियरकडे ती उघडी असते. माझी वाट यातली दुसरी, टीम सांभाळण्याची, आणि मला ती मानवली.

पगारवाढ मागताना “मी खूप मेहनत करतो” हे वाक्य फार लांब जात नाही. हिशेब न्या. समजा ऑफिस महिन्याला दहा व्ह्यू बाहेर करून घेत होतं आणि एकाला ८ हजार देत होतं, तर ते झाले ८० हजार. शिवाय दर बदलाला वेगळे पैसे आणि दोन दिवसांची वाट. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले. तुमच्या ऑफिसातले खरे आकडे अकाउंट्सकडून मिळतात. गेल्या वर्षात तुम्ही किती व्ह्यू केले, किती बदल त्याच दिवशी दिले, छपाईआधी किती चुका पकडल्या, हे वर्षभर लिहून ठेवलेलं असेल तर बोलणं दहा मिनिटांत संपतं. मी माझी पहिली मोठी वाढ याच वहीच्या जोरावर मिळवली.

आणि नोकरी बदलताना: राजीनाम्याआधी नाही, राजीनाम्याच्या दिवशीच, कोणती चित्रं पोर्टफोलिओत वापरायची आहेत त्यांची यादी लेखी देऊन परवानगी मागा. न जाहीर झालेले प्रकल्प त्यातून स्वतःच वगळा. सीन फाइली आणि मॉडेल घरी नेऊ नका, ती तुमची नाहीत. टेक्श्चरची लायब्ररी, कॅमेऱ्यांची यादी, कुठल्या सीनमध्ये काय अडतं याच्या नोंदी तुमच्या जागी येणाऱ्या माणसासाठी एका फोल्डरमध्ये लावून द्या, आणि नोटीसच्या काळात एक दिवस त्याच्या शेजारी बसा. पुण्या-मुंबईत आर्किटेक्ट एकमेकांना ओळखतात. पुढच्या मुलाखतीआधी तुमच्या जुन्या सरांना फोन जाण्याची शक्यता मोठी असते.